इंटरनेट नेमके कुठे अडते?

घरी इंटरनेट घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न एकच असतो, "किती एमबीपीएसचे घ्यायचे?" ५०, १००, ३०० असे आकडे जाहिरातीत ठळक छापलेले असतात आणि आकडा वाढेल तशी महिन्याची रक्कमही वाढते. घरची मोठी माणसे हिशेब करतात, शेजारी विचारपूस करतात आणि एक आकडा ठरवतात. पुढे चार दिवसांनी चित्रपट अडकत अडकत दिसू लागला, किंवा ऑनलाइन तासाला शिक्षकांचा आवाज तुटू लागला, की सगळे जण कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. आणि कंपनीतून फोनवर उत्तर मिळते, "साहेब, मोठा प्लॅन घ्या."

मोठा प्लॅन घेऊन अडचण सुटेल का? कधी सुटते, पुष्कळदा सुटत नाही, फक्त पैसे जातात. कोणत्या घरात काय होईल हे ठरवायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. दहावीपर्यंतचे पदार्थविज्ञान, एक वही, एक मोबाइल फोन आणि थोडी चिकाटी एवढ्यावर काम भागते.

प्रथम तो आकडा समजून घेऊ. एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला इतके मेगाबिट, अर्थात इतके दशलक्ष बिट. बिट हा माहितीचा सर्वांत लहान कण. तो शून्य असतो किंवा एक. फाइलचा आकार मात्र आपण बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. इंग्रजीत लिहिताना बिटसाठी लहान लिपीतला 'बी' वापरतात आणि बाइटसाठी मोठ्या लिपीतला. एवढ्याशा फरकाने मोठा गोंधळ होतो. १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल उतरवताना संगणक सेकंदाला १२.५ मेगाबाइटपेक्षा जास्त वेग दाखवूच शकत नाही. "सर, माझे शंभराचे बाराच येतात," अशी तक्रार घेऊन दर वर्षी कोणी ना कोणी माझ्याकडे येतो. त्याला आठाचा पाढा म्हणायला सांगावा लागतो!

हा आकडा किती वाढत गेला तेही पाहण्यासारखे आहे. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. ते टेलिफोनच्या तारेवरून येई. मोडेम नावाची पेटी आधी नंबर फिरवी, मग शिट्ट्या मारल्यासारखे आणि घसा खरवडल्यासारखे आवाज काढी, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडे. २००४ साली एखाद्या जोडणीला 'ब्रॉडबँड' म्हणायचे तर तिचा वेग किमान २५६ किलोबिट असला पाहिजे, असे सरकारने ठरवले. जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. आता एक गणित करा. १ गिगाबाइटची फाइल २५६ किलोबिटने उतरवायला किती वेळ लागेल? उत्तर येईल सुमारे पावणेनऊ तास. आणि १०० मेगाबिटने? ८० सेकंद.

तर मग इतका वेग घरात आला असूनही तास का तुटतो? माहितीच्या वाटेचे आपण तीन टप्पे पाडू. पहिला टप्पा जगात कोठेतरी असलेल्या संगणकापासून, म्हणजे सर्व्हरपासून, तुमच्या कंपनीच्या केंद्रापर्यंत. दुसरा त्या केंद्रापासून तुमच्या घरातल्या पेटीपर्यंत. तिसरा त्या पेटीपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत, जेमतेम दहा मीटरांचा. जाहिरातीतला आकडा असतो तो फक्त दुसऱ्या टप्प्याचा. महामार्ग चौपदरी असला आणि तुमच्या गावच्या ओढ्यावरचा पूल एकपदरी असला, तर गाड्या पुलाच्याच हिशेबाने येणार. महामार्ग सहापदरी करून पूल रुंद होत नाही.

काचेच्या केसातून

दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करू. टेलिफोनची तांब्याची जोडतार माणसाच्या आवाजासाठी टाकलेली होती, म्हणजे साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ कंप्रतेसाठी. पुढे त्याच तारेवर, आवाजाच्या पट्ट्याच्या वर, दहा लाख हर्ट्झच्या आसपासपर्यंत माहिती पाठवण्याची युक्ती निघाली. तिला डीएसएल म्हणतात. परंतु तांब्याच्या तारेत कंप्रता वाढली की क्षीणनही वाढते, म्हणजे संकेत वाटेतच मरगळतो. त्यामुळे टेलिफोन केंद्राशेजारच्या घरात वेग चांगला आणि चार किलोमीटरवरच्या घरात रडतखडत, अशी स्थिती असे.

काचेने हा अंतराचा प्रश्न जवळजवळ मिटवला. अपवर्तनाच्या धड्यात तुम्ही पूर्ण आंतरिक परावर्तन शिकला आहात. प्रकाश घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनात गेला की तो बाहेर पडतच नाही, आतल्या आत परततो. १८४० च्या दशकात जिनीव्हाच्या डॅनिएल कोलाडॉन यांनी भांड्याच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याच्या वळणदार धारेतून प्रकाश असाच 'वाहवून' दाखवला होता. प्लास्टिकच्या बाटलीला छिद्र पाडून, अंधाऱ्या खोलीत, समोरून विजेरीचा झोत टाकून हा प्रयोग तुम्हीही करू शकाल. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करून काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेले. ते संशोधन १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फायबर ऑप्टिक्स हे नाव रूढ केले तेही कपानी यांनीच.

तथापि कपानींचे तंतू आखूड होते. त्या काळच्या तंतूंमध्ये क्षीणन किलोमीटरला १,००० डेसिबलच्या घरात होते. डेसिबल म्हणजे काय, ते येथेच पाहून घेऊ, कारण हे एकक पुढेही लागणार आहे. १० डेसिबल घट म्हणजे शक्ती दहावा भाग उरणे. २० डेसिबल म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. ३ डेसिबल म्हणजे जवळजवळ निम्मी. प्रत्येक दहाला एक शून्य, एवढे लक्षात ठेवले की झाले. यावरून १,००० डेसिबलच्या काचेत अवघ्या २० मीटरांतच प्रकाशाचा शंभरावा भाग उरे. १९६६ साली इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की दोष काचेचा नसून काचेतील अशुद्धींचा आहे. क्षीणन किलोमीटरला २० डेसिबलवर आणता आले, म्हणजे एक किलोमीटरनंतर शंभरावा भाग उरला, तरी दूरसंचारासाठी पुरे, असे त्यांनी सांगितले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तशी काच करून दाखवली. आजच्या चांगल्या तंतूत क्षीणन ०.२ डेसिबल आहे, म्हणजे शंभरावा भाग उरायला १०० किलोमीटर जावे लागते. २० मीटर, १ किलोमीटर, १०० किलोमीटर! काव यांना या कामाबद्दल २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तुमच्या घरी येणाऱ्या काळ्या किंवा पांढऱ्या बारीक केबलच्या पोटात हाच तंतू असतो. त्याची जाडी ०.१२५ मिलिमीटर, साधारण केसाएवढी. आणि प्रकाश ज्यातून जातो तो गाभा तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. केंद्राकडून येणारा प्रकाश बहुधा १,४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून जाणारा १,३१० नॅनोमीटरचा असतो. दोन्ही अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे. तेव्हा सुटलेल्या तंतूच्या टोकात कधीही डोकावू नका. दिसत नाही म्हणजे तेथे प्रकाश नाही असे नव्हे. तंतूला घडीही घालू नका, दारात चेपू देऊ नका. फार वाकवला की कोन बिघडतो, पूर्ण परावर्तन होत नाही आणि प्रकाश गळतो.

आणखी एक गंमत. केंद्रातून निघालेला एक तंतू एका घराचा नसतो. वाटेत कोठेतरी खांबावर किंवा जिन्याखाली एक लहान डबी असते. तिच्यात वीज नाही, हलणारा भाग नाही. ती फक्त प्रकाशाचे ३२ किंवा ६४ वाटे करते. ३२ वाटे म्हणजे १५ डेसिबल घट, उत्तम तंतूच्या ७५ किलोमीटरांत होईल तेवढी, आणि ती होते तळहाताएवढ्या डबीत. सर्व घरांची माहिती सर्व घरांत पोचते. ती सांकेतिक लिपीत असते आणि प्रत्येक पेटी आपल्या नावाची तेवढी उचलते. प्रचलित पद्धतीत या एका तंतूवर सुमारे २,४८८ मेगाबिट उतरतात. त्याला ३२ ने भागा. सगळी घरे एकाच क्षणी तुटून पडली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ च्या आत-बाहेर येतील. अशी वेळ क्वचित येते. कंपनीचा सगळा हिशेब त्यावरच बसवलेला असतो. पण रात्री नऊला सामना रंगात आला असताना हा हिशेब ढासळू शकतो, आणि त्याच्यापुढे केंद्राकडूनही कंपनीने काटकसर केली असेल, तर ढासळतोच.

म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा दोष ओळखण्याची खूण सापडली. तो दोष घड्याळ पाहून येतो, खोली पाहून नाही.

पेटीपाशी

पेटीशी संगणक तारेने जोडून वेग मोजला की दुसऱ्या टप्प्याचा खरा आकडा मिळतो. येथे एक सापळा आहे. आमच्या इमारतीतील एका गृहस्थांनी १०० चा प्लॅन बदलून ३०० चा घेतला. महिनाभर मोजत राहिले. वेग सकाळी ९४, दुपारी ९४, मध्यरात्रीही ९४. निसर्गात कोणतीही राशी इतकी स्थिर राहू लागली की समजावे, कोणीतरी वर झाकण ठेवले आहे. त्यांच्या राउटरचे तारेचे दार जुन्या, १०० मेगाबिटच्या पद्धतीचे होते. पत्त्याच्या मजकुरात आणि इतर कारकुनीत पाच-सहा टक्के जातात आणि हाती ९४ उरतात. हजाराच्या दारासाठी केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरासाठी चारच पुरतात. त्यामुळे नवा राउटर घेतला आणि केबलमधली एखादी तार तुटलेली असली, तरी पुन्हा ९४ च! ३०० रुपयांची केबल आणि ३०० मेगाबिटचा प्लॅन, यांत अडवणारी कोण हे सांगायला नको.

शेवटचे दहा मीटर

आता तिसरा टप्पा. माझ्या पाहण्यात आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ येथेच निघाले.

वाय-फाय म्हणजे रेडिओच होय. राउटर हे घरातले छोटे आकाशवाणी केंद्र; फरक एवढाच, की फोनही उलट बोलतो. राउटरची प्रक्षेपण-शक्ती साधारण १०० मिलिवॅट धरा. ते मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतात. २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे १२.५ सेंटिमीटर तरंगलांबी. आणि ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ६ सेंटिमीटर. (वाय-फायच्या नावापुढे '५जी' दिसते ते या ५ गिगाहर्ट्झमुळे. मोबाइलच्या पाचव्या पिढीचा, म्हणजे दुसऱ्या '५जी'चा, त्याच्याशी काही संबंध नाही.) मिलिमीटरांत मोजायच्या लहरी जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात निर्माण केल्या होत्या आणि भिंतींपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. तेव्हा हा आपल्याला अगदीच परका विषय नाही.

फोनमध्ये वाय-फायची जी चढती कमान दिसते ती मोजमापाच्या कामाची नाही. सिग्नल आकड्यात दाखवणारी लहान ॲप मिळतात. त्यांतला आकडा उणे असतो, उदाहरणार्थ उणे ७०. याचे एकक डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल. शून्य म्हणजे १ मिलिवॅट, उणे ३० म्हणजे त्याचा हजारावा भाग. राउटरचे १०० मिलिवॅट म्हणजे अधिक २०. मग उणे ७० आणि अधिक २० यांत फरक ९० डेसिबलचा, नऊ शून्ये. तुमच्या फोनपर्यंत निघालेल्या शक्तीचा शंभर कोटींमधला एक भाग पोचतो आणि तेवढ्यावर तो चित्रपट दाखवतो! भिंतीआडून थोडे गळेल यात नवल नाही. एवढे पोचते हेच नवल.

या लहरी लाकडातून, पातळ विटेतून बऱ्यापैकी जातात. जाड दगड आणि सळया घातलेले काँक्रीट त्यांना फार छळते. धातू त्यांना परतवतो. पाणी त्यांना गिळते, म्हणून ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीहून वाईट. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जास्त माहिती नेतात पण भिंतीपाशी लवकर हरतात, २.४ च्या चिवट, पण त्यांची वाट गर्दीची. २००५ पासून आपल्याकडे २.४ चा पट्टा विनापरवाना वापरता येतो. त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे सगळे तेथेच. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या आत शेकडो वॅट असतात. नियमात बसेल अशी अगदी किरकोळ गळती झाली, तरी ती राउटरच्या क्षीण बोलण्यावर सहज मात करते. (२.४५ ही पाण्याच्या रेणूची 'नैसर्गिक कंप्रता' आहे, असे काही पुस्तकांत छापलेले आढळते. ते बरोबर नाही. पाणी बऱ्याच विस्तृत पट्ट्यात या लहरी शोषते.) घरी ओव्हन असेल तर आत पेलाभर पाणी ठेवून तो एक मिनिट चालवा आणि त्या मिनिटात शेजारी २.४ वर वेग मोजा.

गर्दीचा अर्थ नीट समजला पाहिजे. एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते. प्रत्येक उपकरण आधी ऐकते, शांतता असली तर बोलते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही फुकट जाते, मग प्रत्येक जण मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतो. वर्गात सर्वांना एकदम उत्तर येते तेव्हाचे दृश्य आठवा. शिवाय ज्याचा सिग्नल कमजोर, त्याला सावकाश बोलावे लागते. तेच शब्द बोलायला तो दहापट वेळ घेतो आणि तोवर बाकीचे ताटकळतात. मागच्या खोलीतल्या एका फोनमुळे पुढच्या खोलीतला टीव्ही अडखळतो तो असा. २.४ च्या वाहिन्या एकमेकींपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण २० मेगाहर्ट्झ रुंद. म्हणून १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींच्या अंगावर न येता नांदतात.

वाड्यातली वही

अकरावीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे घर जुन्या वाड्यात आहे. बाहेरची खोली, मग माजघर, मग मागची अभ्यासाची खोली. मधल्या दोन्ही भिंती दगड-मातीच्या, पावणेदोन फूट जाड. प्रवेश परीक्षेच्या ऑनलाइन सराव चाचण्या ती देत असे, आणि तीनपैकी दोनदा जोडणी तुटून चाचणी अर्धवट राही. खऱ्या परीक्षेआधी सरावाला वाव तेवढाच. कंपनीने नेहमीचा उपाय सुचवला, महिन्याला साडेतीनशे रुपये जास्त देऊन मोठा प्लॅन. वडिलांची नोकरी बेताची. ते हो म्हणायच्या बेतात होते. मी तिला म्हटले, आधी आठ दिवस मोज.

तिने ते फार नीट केले. चार जागा ठरवून खडूने खुणा केल्या. दर जागी सकाळी सहाला आणि रात्री नऊला, प्रत्येकी तीन वाचने. फोन एकच, धरायची उंची एकच. त्या वेळात घरातली बाकीची उपकरणे बंद. १०० च्या प्लॅनवर बाहेरच्या खोलीत सकाळी सरासरी ९१ आणि रात्री ८८ आले. मागच्या खोलीत सकाळी ७, रात्री ३. सिग्नल उणे ८१. बाहेर रात्रीही ८८ मिळतात याचा अर्थ कंपनीचा तंतू निर्दोष. ३०० चा प्लॅन घेतला असता तर मागच्या खोलीत तेच ७ आणि तेच ३ राहिले असते.

मग तिने एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवले. सगळे एकदम बदलले की काय लागू पडले ते कळत नाही, हे प्रयोगवहीत आपण लिहितो खरे, घरी विसरतो. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे जमिनीवर होता. तो उचलून दाराशेजारच्या फळीवर ठेवला. मागच्या खोलीत ७ चे १६ झाले. नंतर वाहिनी ६ वरून ११ वर नेली. आसपासचे नऊ राउटर ६ वरच कोंडले होते. सकाळी फारसा फरक नाही, रात्री मात्र ५ चे १२. शेवटी दाराच्या चौकटीवरून १५ मीटर केबल माजघरात नेली आणि कपाटात पडून असलेला जुना राउटर तिथे दुसरे केंद्र म्हणून लावला. मागच्या खोलीत आता ६० च्या वर. एकूण खर्च सव्वाचारशे रुपये, एकदाच. शिवाय वीज गेली की पेटी बंद पडून चाचणी तुटे. (जुन्या टेलिफोनला केंद्रातूनच ४८ व्होल्ट मिळत, म्हणून तो अंधारातही चाले. काचेतून वीज येत नाही.) त्यासाठी बॅटरीची छोटी सोय वडिलांनी पुढच्या महिन्यात केली. ती वही मी अजून वर्गात दाखवतो.

उलटही घडू शकते हे सांगितले पाहिजे. तुमच्या वहीत राउटरशेजारी तारेने जोडूनही रात्री १०० चे २० येत असतील, तर दोष कंपनीकडेच आहे. मग तारीख, वेळ आणि आकडे लिहून तक्रार करा. पेटीवर 'एलओएस' नावाचा तांबडा दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही, तंतू कोठेतरी तुटला. त्या दिवशी घरात राउटर फिरवण्यात अर्थ नाही.

वेग आणि उशीर

एक प्रश्न राहिला. भरपूर मेगाबिट असूनही व्हिडिओवर बोलताना समोरचा उशिरा का उत्तर देतो? पुण्याहून नागपूरला ट्रकभर पुस्तके पाठवली तर माहिती प्रचंड जाते, पण पहिले पान पोचायलाही एक रात्र लागते. माहितीचा ओघ आणि माहितीला लागणारा उशीर या दोन वेगळ्या राशी आहेत. हा उशीर 'पिंग'ने मोजतात. छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते पाहायचे. घरात कोणी शेकडो फोटो वर चढवत असेल तर संदेशाला राउटरच्या रांगेत उभे राहावे लागते आणि पिंग वाढते. ही रांग टाळता येते. अंतर मात्र टाळता येत नाही.

काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७. म्हणून तिच्यात प्रकाश सेकंदाला ३ लाख नव्हे, २ लाख ४ हजार किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटर, जाऊन येऊन १४,४००. भागाकार करा, ७१ मिलिसेकंद. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा शंभराच्या पुढे जातो. (जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ समुद्रात केबली तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट रखडले होते. आपली पश्चिमेकडची वाट किती थोड्या तंतूंवर उभी आहे ते त्या वेळी दिसले.) भूस्थिर उपग्रहाचे काय? तो ३६,००० किलोमीटर उंच. संदेश वर-खाली आणि उत्तर पुन्हा वर-खाली, मिळून १,४४,००० किलोमीटर. जवळजवळ अर्धा सेकंद. बोलताना ते जाणवतेच.

आता तुम्ही मुंबईत बसून एखाद्या प्रसिद्ध परदेशी संकेतस्थळाची पिंग मोजलीत आणि ती आली ८ मिलिसेकंद. एका बाजूचे ४. तेवढ्यात काचेतून प्रकाश ८१६ किलोमीटर जातो. म्हणजे तुम्हाला उत्तर देणारा संगणक फार तर ८०० किलोमीटरांच्या आत आहे, बहुधा मुंबईतच. मोठ्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती अशा जागोजागी आणून ठेवतात. आणि एखादा सर्व्हर लंडनचा म्हणून दाखवला जात असेल, पण मुंबईला ७१ पेक्षा कमी मिलिसेकंदांत उत्तर देत असेल, तर तो लंडनमध्ये नाही.